प्रोसेसर खराब झालाय का? पिढीनुसार दुखणी आणि ती पकडायची पद्धत

‘रॅम जाते, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) जातो, हार्डडिस्क जाते, प्रोसेसर कधी जात नाही.’ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानापर्यंत हे वाक्य ठरलेलं आहे. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. प्रोसेसर ‘जातो’, म्हणजे पूर्ण बंद पडतो, असं क्वचितच होतं. पण चालू राहून अधूनमधून चुकीचं उत्तर देणारा प्रोसेसर ही वेगळीच भानगड आहे. तो पकडायला अवघड, कारण दोष आधी रॅमवर जातो, मग ग्राफिक्स कार्डावर, मग विंडोजवर. गिऱ्हाईक तीनदा फॉरमॅट मारून घेतं, नवी रॅम विकत घेतं आणि तरीही गेम मध्येच बंद पडतो तो पडतोच.

मशीन समोर आलं की पहिला प्रश्न एकच विचारावा: हा त्रास पहिल्या दिवसापासून आहे, की आधी सगळं ठीक होतं आणि मग हळूहळू सुरू झाला? पुढची सगळी तपासणी या उत्तरावर ठरते. त्रास पहिल्या दिवसापासून असेल तर तो बहुधा चिपच्या रचनेतला, जोडणीतला किंवा सेटिंगमधला असतो, आणि बायोस (मदरबोर्डवरचं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेटने सुटण्याची शक्यता बरी असते. हळूहळू आलेला त्रास म्हणजे काहीतरी झिजलंय. झिजलेलं सिलिकॉन कुठल्याही अपडेटने परत नवं होत नाही.

‘पिढी’ हे कंपनीचं लेबल आहे

‘तेराव्या पिढीचा घेऊ नका, बाराव्या पिढीचा घ्या’ असे सल्ले सर्रास दिले जातात. दिशा ठीक आहे, पण सल्ला ढोबळ आहे. इंटेलचा कोअर आय५-१३४०० घ्या. नावात तेरा आहे, पण या एकाच नावाखाली दोन वेगळ्या चिप विकल्या गेल्या: एक बाराव्या पिढीच्या अल्डर लेकची, दुसरी खऱ्या रॅप्टर लेकची. बाहेरून डबा तोच. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडलं की ‘रिव्हिजन’च्या (चिपच्या आवृत्तीच्या) चौकटीत सी० दिसलं तर अल्डर लेक, बी० दिसलं तर रॅप्टर लेक. उलट चौदावी पिढी ही रचनेने तेरावीच आहे. आय७-१४७००केला चार छोटे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे स्वतंत्र भाग) जास्त मिळाले, बाकीच्यांचा वेग थोडा वाढला, इतकंच.

म्हणून नाव, रिव्हिजन आणि मायक्रोकोड या तीन गोष्टी कागदावर लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कारभाराचे नियम. ते बायोसमधून किंवा ऑपरेटिंग सिस्टिममधून दर वेळी चालू होताना चिपमध्ये भरले जातात. मायक्रोकोडचा आकडा बघायला एचडब्ल्यूइन्फो वापरा. मुख्य खिडकीत प्रोसेसरच्या नावाखालीच तो येतो.

कोणत्या पिढीला कोणतं दुखणं

सगळ्यात गाजलेली चूक पेंटियमची. १९९४ साली लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना भागाकारात फरक सापडला. चिपमधल्या तक्त्यातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर उत्तर १.३३३८२० यायला हवं, त्या पेंटियमवर १.३३३७३९ यायचं. इंटेलने आधी टाळाटाळ केली आणि डिसेंबरमध्ये सगळ्यांना बदलून द्यायची तयारी दाखवली. खर्च ४७.५ कोटी डॉलर. २००० साली १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ बाजारातून मागे घ्यावा लागला. २००७ मध्ये इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीच्या फेनॉम प्रोसेसरमध्येही दोष निघाला. बायोसमधून उपाय आला पण त्याने मशीन मंद व्हायचं, शेवटी २००८ मध्ये बी३ रिव्हिजन आली तेव्हा प्रश्न मिटला. इंटेलच्या स्कायलेक आणि केबी लेकच्या हायपरथ्रेडिंगमधला (एका कोअरने दोन कामं एकदम करण्याच्या सोयीतला) दोष २०१७ मध्ये चर्चेत आला, तो मायक्रोकोडने सुटला. हे सगळे ‘पहिल्या दिवसापासून’ वाले दोष. त्या मालिकेतल्या प्रत्येक चिपमध्ये दोष सारखाच. आज कोणी जुनं स्कायलेक मशीन घेऊन आलं तर बायोस नवा टाकायचा आणि हा विषय सोडून द्यायचा.

एएमडीच्या पहिल्या रायझनची गोष्ट थोडी वेगळी. २०१७ मध्ये लिनक्सवर मोठे प्रोग्रॅम कंपाइल करताना काही चिपवर प्रक्रिया मध्येच कोसळायच्या. एएमडीने मान्य केलं आणि चिप बदलून दिल्या. याच पिढीत मशीन रिकामं असताना गोठण्याची तक्रारही होती. तिचा उपाय बायोसमध्ये आहे: ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हे ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवायचं. जुन्या बाजारात रायझन १६०० आणि १७०० अजून फिरतात, म्हणून हे लक्षात ठेवा. कामाला लावलं की उत्तम चालणारं आणि रात्री नुसतं चालू ठेवलं की सकाळी गोठलेलं मशीन दिसलं तर आधी हे सेटिंग बघा.

झिजेचे नमुने यापेक्षा त्रासदायक. २०११ च्या जानेवारीत इंटेलला सँडी ब्रिज प्रोसेसरच्या जोडीचा सहा-मालिका चिपसेट (मदरबोर्डवरची सोबतची चिप) थांबवावा लागला. त्यातल्या ३ गिगाबिटच्या साटा (डिस्क जोडायच्या) पोर्टांचा एक ट्रान्झिस्टर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजवर चालत होता, त्यामुळे ते पोर्ट काळाबरोबर ढेपाळायचे. ६ गिगाबिटचे पोर्ट ठीक होते. प्रोसेसर निर्दोष, शेजारची चिप दोषी. दुरुस्त झालेल्या चिपसेटची रिव्हिजनही बी३च होती. २०१७ मध्ये इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० चा दोष उघडकीला आला. घड्याळाचा संकेत बाहेर देणारा त्याचा भाग कालांतराने बंद पडायचा आणि मग उपकरण सुरूच व्हायचं नाही. नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने तेव्हा सांगितलं होतं की साधारण १८ महिन्यांनंतर धोका वाढतो. राउटर, फायरवॉल आणि नेटवर्क स्टोरेजच्या डब्यांत ही चिप होती. सेकंडहँड नेटवर्क स्टोरेज स्वस्तात मिळत असेल आणि आत सी२००० असेल, तर दुरुस्त झालेली सी० रिव्हिजन असल्याची खात्री केल्याशिवाय घेऊ नका.

आणि मग रॅप्टर लेक. तेरावी पिढी ऑक्टोबर २०२२ ला आली, चौदावी ऑक्टोबर २०२३ ला. २०२४ च्या सुरुवातीपासून आय९ वाल्यांच्या तक्रारींचा पाऊस पडला: गेम उघडताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश, शेडर (गेमची चित्रं काढणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल होताना कोसळणं, झिप फाइल उघडताना चूक. ग्राफिक्स कार्डात भरपूर मेमरी असताना ती संपल्याचा संदेश येतोय म्हटल्यावर लोक अर्थातच कार्डावर घसरले. शेवटी कार्डांची कंपनी एनव्हिडियानेच एप्रिलमध्ये सांगितलं की असा संदेश आला तर इंटेलकडे जा.

इंटेलने नंतर जे कारण सांगितलं ते समजून घेण्यासारखं आहे. ठरावीक वेगाला चालायला कोअरला किमान अमुक व्होल्टेज लागतं. कोअरमधल्या घड्याळाचा संकेत पोचवणाऱ्या मंडलाचा एक भाग जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमानाने लवकर म्हातारा होत होता. म्हातारा झाला की त्याच वेगाला त्याला आधीपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. ते मिळालं नाही की चूक होते. जास्त व्होल्टेज येत कुठून होतं? चार ठिकाणांहून: मदरबोर्डवाल्यांनी मोकाट सोडलेल्या वीजमर्यादा, तापमान वाढलं तरी वरचा वेग न सोडणारी मायक्रोकोडची चूक, प्रोसेसरने वारंवार आणि बराच वेळ मागितलेलं चढं व्होल्टेज, आणि मशीन जवळजवळ रिकामं असतानाही मिळणारं चढं व्होल्टेज. यावर टप्प्याटप्प्याने उपाय आले: जून २०२४ मध्ये ०एक्स१२५, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९, ज्याने १.५५ व्होल्टच्या वरच्या मागण्या अडवल्या, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आणि मे २०२५ मध्ये ०एक्स१२एफ. शेवटचा खास अशा मशीनसाठी आहे, जी दिवसचे दिवस बंद न करता हलक्या कामावर चालू राहतात.

तेराव्या पिढीच्या सुरुवातीच्या काही चिपमध्ये आतल्या जोडण्या गंजण्याचाही दोष होता. तो कारखान्यातला, वेगळा आणि २०२३ मध्ये दुरुस्त केलेला. लोक दोन्हींची गल्लत करतात. बारावी पिढी आणि त्यानंतरची कोअर अल्ट्रा २०० मालिका या व्होल्टेजच्या दुखण्यातून बाहेर आहेत, असं इंटेलचं म्हणणं आहे.

एएमडीवाल्यांनी इतक्यात हसू नये. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डीचे काही नग सॉकेटसकट जळले. रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (रॅम वाढीव वेगाने चालवणारं सेटिंग) चालू केलं की काही बोर्ड एसओसीचं (प्रोसेसरमधल्या मेमरी वगैरे सांभाळणाऱ्या भागाचं) व्होल्टेज भलतंच वर न्यायचे. एएमडीने बायोसमधून ते १.३ व्होल्टला बांधून टाकलं. त्याही आधी, २००२-०३ च्या सुमाराला, नॉर्थवूड पेंटियम ४ ला हौसेने जास्त व्होल्टेज देणाऱ्यांच्या चिप अचानक मरायच्या. चिप निराळ्या, कंपन्या निराळ्या, पण बोर्ड आणि व्होल्टेज ही जोडी सगळीकडे हजर.

मेल्टडाउन, स्पेक्टर वगैरे हा सुरक्षेचा विषय आहे, बिघाडाचा नाही. त्या दोषांमुळे चिप चुकीचं उत्तर देत नाही, त्यामुळे इथे तो सोडून देतो.

पायरी १: काहीही हलवण्याआधी डेटा वाचवा

चुकीचं उत्तर देणारा प्रोसेसर फाइल कॉपी करतानाही चुकू शकतो. म्हणून संशय आला की महत्त्वाचा डेटा झिप न करता, जसाच्या तसा बाहेरच्या डिस्कवर घ्या. दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये एक बिट बिघडला तरी सगळा गठ्ठा उघडत नाही. सुट्या फोटोंमध्ये फार तर एक फोटो जातो. शक्य असेल तर डिस्क काढून दुसऱ्या धडक्या मशीनला लावा आणि तिथून कॉपी करा. जुना बॅकअप असेल तर त्यावर हा नवा बॅकअप चढवू नका.

विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का तेही आत्ताच बघा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बायोस बदलला की अनेक मशीन ही की मागतात. ती नसेल तर डेटा समोर असून कुलूपबंद.

पायरी २: नोंदवही वाचा

विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिमवर जा आणि स्रोत म्हणून ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ निवडा. हार्डवेअरने स्वतःहून केलेल्या तक्रारी इथे असतात. क्रमांक १८ म्हणजे मशीन पाडणारी चूक, १९ म्हणजे चूक झाली पण सावरली. क्रमांक १७ बहुतेक वेळा पीसीआय एक्स्प्रेसचा असतो: ग्राफिक्स कार्ड, एनव्हीएमई डिस्क, रायझर केबल. १७ बघून प्रोसेसरला दोष देऊ नका.

१८ किंवा १९ ची नोंद उघडली की खाली चुकीचा प्रकार आणि ‘एपिक आयडी’ असा आकडा दिसतो. हा आकडा कुठल्या कोअरने तक्रार केली ते सांगतो. दहा नोंदी उघडा. सगळीकडे तोच आकडा, किंवा लागून असलेले दोन, येत असतील तर एक विशिष्ट कोअर आजारी आहे, आणि हा प्रोसेसरविरुद्धचा भक्कम पुरावा. आकडे सगळीकडे विखुरलेले असतील तर वीजपुरवठा किंवा रॅमकडे बघा. लिनक्सवर हेच काम कर्नलच्या लॉगमधल्या ‘मशीन चेक’च्या ओळी करतात, रासडिमन हे साधन बसवलं तर नोंदी नीट साठतात.

नोंदवही कोरी असली म्हणून प्रोसेसर सुटला असं समजू नका. स्वतःची चूक स्वतःला कळत नाही अशा चिप असतात. गूगल आणि फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये हेच मांडलं होतं: त्यांच्या हजारो सर्व्हरांमध्ये मोजके कोअर असे निघाले की जे कुठलाही इशारा न देता चुकीची बेरीज करत होते.

पायरी ३: आजूबाजूचे संशयित बाद करा

रॅमपासून सुरू करा. बायोसमध्ये एक्सएमपी (एक्स्पोसारखंच इंटेलचं सेटिंग) किंवा एक्स्पो बंद करा आणि मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासणारं साधन पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही चूक चालत नाही. ‘दोनच तर आल्या’ हा हिशेब इथे लागू नाही. चुका आल्या तर रॅम काढा, सोनेरी पट्टी साध्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसा, कण झटका आणि परत बसवा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यानंतर येणाऱ्या मशीनमध्ये दमट हवेमुळे या पट्ट्या काळवंडलेल्या असतात. बरीच ‘बिघडलेली’ मशीन इथेच बरी होतात.

मग एसएमपीएस. शक्य असेल तर चांगला, ओळखीचा एसएमपीएस लावून बघा. घरच्या अर्थिंगची खात्री करा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर प्रोसेसर तपासण्याआधी वायरमनला बोलवा.

कूलर काढून पेस्ट बघा. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटमध्ये दाब मधोमध पडतो आणि चिपला किंचित बाक येतो. त्यामुळे पेस्टचा ठसा मध्ये जाड, कडेला पातळ असा असमान दिसू शकतो. तापमान चढण्याचं हे एक कारण. तापमानाच्या मर्यादा लक्षात असू द्या: १३९००केसाठी १०० अंश, साध्या रायझन ७००० साठी ९५, आणि ७८००एक्स३डीसाठी ८९. मर्यादेपर्यंत पोचून वेग कमी होणं ही नवीन चिपची ठरलेली वागणूक आहे, बिघाड नाही.

एएम४ सॉकेटचा रायझन असेल तर कूलर सरळ ओढू नका. मशीन दहा मिनिटं कामाला लावून पेस्ट गरम करा, बंद करा, वीज काढा आणि मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. नाहीतर प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून बाहेर येतो आणि पिना वाकतात.

पायरी ४: बायोस आणि सेटिंग

मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा, अगदी रिव्हिजन क्रमांकासकट, बायोस घ्या. दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या भागात असाल तर यूपीएसशिवाय बायोस टाकू नका. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवा. अपडेटनंतर बूटचा प्रकार, साटाचा मोड, पंख्यांची सेटिंग मूळ जागी जातात, तेव्हा आधी मोबाइलवर सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा.

अपडेट झालं की ‘इंटेल डीफॉल्ट सेटिंग्ज’ हे प्रोफाइल निवडा. १३९००के किंवा १४९००केसाठी परफॉर्मन्स प्रोफाइलमध्ये दोन्ही वीजमर्यादा २५३ वॉट आणि करंटची मर्यादा ३०७ अँपियर दिसली पाहिजे. वीजमर्यादेच्या जागी ४०९५ किंवा ४०९६ दिसलं तर त्याचा अर्थ ‘मर्यादाच नाही’. हजारभर रुपये जास्त मोजून घेतलेला गेमिंग बोर्ड हे सेटिंग कारखान्यातूनच घेऊन येतो, हे मला तरी कधी पटलं नाही. ‘मल्टिकोअर एन्हान्समेंट’ किंवा तत्सम नावाचं जे असेल ते बंद करा. रायझन ७००० वर एसओसी व्होल्टेज १.३ च्या आत आहे याची खात्री करा, तेही बायोसच्या आकड्यावर न थांबता एचडब्ल्यूइन्फोमध्ये.

इथे त्रास थांबला आणि तो पहिल्या दिवसापासूनचा होता, तर काम झालं. त्रास हळूहळू आलेला होता आणि आता कमी झालाय, पण गेला नाही, तर पुढे चला.

पायरी ५: प्रोसेसरला बोलतं करा

इथे बहुतेकांचं चुकतं. प्राइम९५ किंवा सिनेबेंच हे ताण देणारं सॉफ्टवेअर तासभर सगळ्या कोअरवर चालवलं, मशीन पडलं नाही, प्रोसेसर पास! पण सगळे कोअर एकदम राबतात तेव्हा प्रत्येकाचा वेग खाली येतो. रॅप्टर लेकच्या झिजलेल्या कोअरला त्रास होतो तो अगदी वरच्या वेगावर, आणि तो वेग मिळतो एक-दोन कोअरच काम करत असताना. १४९००के एकट्या कोअरवर ६ गिगाहर्ट्झला जातो, सगळ्यांवर जात नाही. म्हणून चाचणी हलकी आणि एकेका कोअरची हवी.

कोअरसायकलर हे मोफत साधन नेमकं हे करतं: एकेका कोअरवर प्राइम९५ किंवा वाय-क्रंचर चालवतं आणि कुठला कोअर चुकला ते नाव घेऊन सांगतं. प्रत्येक कोअरला सहा ते दहा मिनिटं द्या आणि रात्रभर फेऱ्या चालू राहू द्या.

ज्यांना इतकं करायचं नाही त्यांच्यासाठी घरगुती चाचणी. सात-झिप बसवा. १०-१५ जीबीची एखादी फाइल घ्या, कुठलाही जुना गेम किंवा व्हिडिओ चालेल. तिच्यावर राइट क्लिक करून सीआरसी एसएचएच्या यादीतला एसएचए-२५६ (फाइलची ओळख पटवणारा आकडा) काढा आणि येणाऱ्या लांबलचक आकड्याची शेवटची सहा अक्षरं लिहून ठेवा. हेच वीस वेळा करा. फाइल बदललेली नाही, तेव्हा उत्तर वीसही वेळा अक्षरन् अक्षर तेच यायला हवं. एकदा जरी वेगळं आलं तर मशीनमध्ये कोणीतरी खोटं बोलतंय. मग त्याच फाइलचा अल्ट्रा दर्जाचा गठ्ठा करा आणि ‘टेस्ट आर्काइव्ह’ दाबा. रॅम आधीच निर्दोष ठरली असेल तर सीआरसी चूक (फाइल जुळत नसल्याची खूण) म्हणजे संशय प्रोसेसरवर.

आता निकालाची परीक्षा. बायोसमध्ये मोठ्या कोअरचा गुणक (वेग ठरवणारा आकडा) दोन-तीन घरं खाली आणा, १३९००केवर ५५ असेल तर ५३ करा, आणि एक-दोन कोअरसाठीचा वरचा वेगही तिथेच बांधा. पुन्हा त्याच चाचण्या घ्या. चुका पूर्ण नाहीशा झाल्या तर प्रोसेसर दोषी धरायला हरकत नाही, कारण रॅमचा किंवा डिस्कचा दोष प्रोसेसरचा वेग उतरवल्याने असा सहसा जात नाही. नवी चिप हातात येईपर्यंत मशीन याच कमी वेगावर चालवा. हा कायमचा उपाय मात्र नाही. झीज पुढे सरकली की ५३ पण जड जाईल.

पायरी ६: वॉरंटी

रॅप्टर लेकच्या दुखण्यानंतर इंटेलने आय५-१३६००के आणि १४६००केपासून वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, म्हणजे डबाबंद विकलेल्या बॉक्स पीसला खरेदीपासून एकूण पाच वर्षं. २०२३ मध्ये घेतलेला १३७००के अजून वॉरंटीत आहे आणि मालकाला पत्ताच नाही, असं होऊ शकतं. लॅपटॉप किंवा ब्रँडेड डेस्कटॉप असेल तर प्रोसेसरसाठीही मशीनच्या कंपनीकडेच जायचं.

आपल्याकडची खरी मेख ट्रे पीसची. डब्याविना, स्वस्तात मिळणारा हा नग कारखान्यातून मोठ्या खरेदीदारांसाठी निघालेला असतो, आणि त्याची जबाबदारी विकणाऱ्याची. दुकानदाराने तोंडी ‘तीन वर्षं आहे हो’ म्हटलं असेल तर ते बिलावर लिहून घ्या, अनुक्रमांकासकट.

तो अनुक्रमांक मिळवण्यासाठी कूलर काढावा लागतो. इंटेलच्या झाकणावर एक ओळ असते जिचं पहिलं अक्षर कारखान्याचं, पुढचा अंक वर्षाचा आणि त्यापुढचे दोन आठवड्याचे. दुसरा, बारीक क्रमांक चिपच्या हिरव्या कडेला असतो. वॉरंटीच्या अर्जात दोन्ही मागतात. रायझनवर चार अंकी वर्ष-आठवडा सरळ वाचता येतो. १७२५ म्हणजे २०१७ चा पंचविसावा आठवडा. नवीन मशीन जोडताना पेस्ट लावण्यापूर्वीच या ओळींचा फोटो काढून ठेवला की पुढे पेस्ट पुसत बसावं लागत नाही.

अर्जाबरोबर जीएसटी बिल, इव्हेंट व्ह्यूअरचे स्क्रीनशॉट, कोअरसायकलरचा निकाल आणि बायोसची आवृत्ती जोडा. ‘रॅम बदलून बघा’ हे उत्तर येणारच, तेव्हा मेमटेस्टचा निकालही आधीच लावा. चिप पाठवताना प्लास्टिकच्या खोक्यात ठेवा. मदरबोर्डही पाठवायची वेळ आली तर सॉकेटवर प्लास्टिकचं काळं झाकण बसवूनच पाठवा. वाकलेली एक पिन दिसली तरी वॉरंटी नाकारली जाते.

सेकंडहँड घेताना

तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय७ किंवा आय९ ‘के’ वापरलेला घ्यायचा असेल तर किंमत कितीही गोड असली तरी मूळ बिल आणि शिल्लक वॉरंटी नसेल तर घेऊ नका. ती चिप कुठल्या बायोसवर, कुठल्या व्होल्टेजवर किती दिवस राबली हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही, आणि आज नवा मायक्रोकोड असणं हा कालच्या झिजेवर उतारा नाही. बाराव्या पिढीचा किंवा रायझन ५००० चा वापरलेला नग यापेक्षा कमी जोखमीचा. ५००० बरोबरच्या बोर्डांवर २०२१ मध्ये यूएसबी अधूनमधून तुटण्याचा त्रास होता, पण तो बायोसने गेला. आठव्या पिढीच्या खालचे इंटेल आणि रायझन २००० च्या आधीचे नग विंडोज ११ च्या यादीत नाहीत, आणि विंडोज १० ची नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. लिनक्स टाकणार असाल तर हा मुद्दा गौण.

जाताना खिशात दोन पेनड्राइव्ह न्या: एकात मेमटेस्ट, दुसऱ्यात लाइव्ह (डिस्कवर न बसवता चालणारं) लिनक्स आणि वाय-क्रंचर. विकणाऱ्याच्या समोर अर्धा तास चालवा. जो ‘एवढा वेळ नाही’ म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका.

वॉरंटीतून बदलून आलेली चिप सॉकेटमध्ये ठेवण्याआधी एक काम राहतं. बोर्डावर अजून जुना बायोस असेल तर नव्या चिपला पहिल्या दिवसापासून तेच जुनं व्होल्टेज मिळेल. मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न लावताच पेनड्राइव्हवरून नवा बायोस टाका. नसेल तर जुन्या चिपला परत पाठवण्यापूर्वीच, कमी वेगावर चालवून, बोर्ड ०एक्स१२एफ किंवा त्यानंतरच्या मायक्रोकोडवर आणून ठेवा.